चारशे त्रेचाळीस

मोठ्या नणंदेला जुळी झाली, त्या सालची गोष्ट. थोरली सून रुग्णालयाचं नेटवर्क सांभाळायची. रक्ततपासणीचं नवं यंत्र बसवायचं काम धाकट्या दिराकडे होतं.

तारेतून सगळंच एकत्र वाहतं. कुठलं काय, ते पोर्टच्या, म्हणजे ज्या दारातून ते जातं त्याच्या, क्रमांकावरून ओळखायचं. पंचवीस म्हणजे ईमेल, चारशे त्रेचाळीस म्हणजे वेबसाइट. रक्ताच्या निकालांना तिनं पंचवीसशे पंच्याहत्तर दिला होता आणि त्या क्रमांकाला सगळ्यांच्या पुढे वाट ठेवली होती. दिराला तसं बजावलंही होतं.

यंत्र सुरू झालं, त्याच दुपारी क्रिकेटचा सामना होता. जो तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला. नेट रांगायला लागलं, तशी ती चिडली आणि तिनं चारशे त्रेचाळीसचा गळा आवळला. निकालांची वाट वेगळी, म्हणून निर्धास्त होती.

वरच्या वॉर्डात सासूबाई होत्या. मूत्रपिंडं थकलेली. रक्तात पोटॅशियम किती चढलंय ते कळल्याशिवाय डॉक्टर औषध देईनात. नर्सचा फोन आला, "ताई, निकाल अजून आला नाही. लॅबमध्ये कुणी फोनही उचलत नाही."

तिनं पडद्यावर पाहिलं. पंचवीसशे पंच्याहत्तर कोरडा ठणठणीत. तिनं दिराला फोन लावला.

"भाऊजी, निकाल कुठल्या पोर्टवरून पाठवताय?"

"चारशे त्रेचाळीस. तो कुठेही उघडाच असतो. तुमच्या परवानग्या मागत बसलो असतो तर दाढी पिकली असती."

"अहो, उघडून ठेवला होता मी! नुसता आकडा बदलायचा होता!"

"आकड्यानं काय होतं वहिनी? आत निकालच आहेत ना?"

"आत काय आहे ते मला दिसतं का? मला आकडाच दिसतो! मी सामना समजून तुमच्या आईचा निकाल अडवून बसलेय!"

"मग अडवताना मला एक फोन करायचा होतात!"

फोन आपटून तिनं बंधन काढलं. अडकलेले निकाल धडाधड वॉर्डात पोचले. सासूबाईंचा आकडा बघून डॉक्टर धावतच सुटले.

दीर घामाघूम होऊन वर आला, तेव्हा ती जिन्यात उभी होती. "क्रमांक बदलून या," ती म्हणाली. "आधी तेवढं करा, मग मला तोंड दाखवा."

तो आल्या पावली परत गेला आणि क्रमांक बदलून आला.

सासूबाई त्याच संध्याकाळी गेल्या. जुळी तेव्हा दोन महिन्यांची होती.