करवत हेक्टरची बंदूक

केप ब्रेटन बेटावरच्या आमच्या गावात चार हेक्टर गिलिस आहेत. त्यामुळे प्रत्येकाला टोपणनाव लागतंच. एक हेक्टर लंगडा, एक हेक्टर टपाल, एक हेक्टर लांबनाक्या आणि चौथे माझे बाबा, हेक्टर करवत. ही नावं एकदा चिकटली की पोराबाळांनाही लागतात. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, शाळेची बस चालवते, तरी गावाला मी कॅसी करवतच. माणूस गेल्यावर पेपरात बातमी येते तीही टोपणनावासकट. नाहीतर जेवणाचे डबे कुठल्या घरी पोचवायचे ते लोकांना कळणार कसं?

चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाबांना त्या बातमीचीच धास्ती होती.

"कॅसी, पेपरात करवत छापलंस तर शवपेटीतून उठून बसेन," ते मला म्हणायचे.

नाव पडलं त्याला कारण ते स्वतःच. साठ सालच्या सुमारास सैन्याने जुन्या थ्री-नॉट-थ्री मोडीत काढल्या आणि त्या आमच्याकडे घरोघर आल्या. हरणामागे झाडीतून हिंडायला बंदूक हलकी हवी, म्हणून जो तो नळीखालचं लाकूड कापून टाकायचा. बाबांनीही कापलं. पण त्यांच्या वाट्याला आलेली बंदूक साधी नव्हती. ती चांगल्यातून चांगली निवडून, वर दुर्बीण बसवून खास नेमबाजाला दिलेली होती. बाबांना दुर्बिणीचं ओझं वाटलं. त्यांनी ती शेजारच्या एफी मॅकलेलनला एका मेंढ्याच्या बदल्यात देऊन टाकली. दस्त्यावर गाल टेकवायला लाकडाचा तुकडा होता, तो काढून कोठाराच्या दाराला खिट्टी केली. नळीलाही करवत लावणार होते, पण आईने जेवायला हाक मारली म्हणून ती वाचली.

पुढे बऱ्याच वर्षांनी हॅलिफॅक्सहून एक जाणकार आला. माजी सैनिकांच्या क्लबात, सगळ्यांच्या देखत, त्याने ती बंदूक हातात घेतली आणि कळवळून विचारलं, "हिला करवत कुणी लावली?"

"हा काय समोर बसलाय," एफी म्हणाली. "हेक्टर करवत."

सगळा क्लब हसला. त्या दिवसापासून बाबांनी एफीच्या घराची पायरी चढली नाही.

या वसंतात मात्र त्यांच्या मनाने घेतलं. बंदूक सैन्यात होती तशी पुन्हा उभी करायची आणि सप्टेंबरात गावात जुन्या लष्करी बंदुकांची स्पर्धा भरते तिथे उतरायचं. तिथला नियम कडक आहे. बंदूक मूळच्या रूपात हवी आणि दुर्बीण तिची तिचीच हवी.

लाकूड ओंटारियोच्या एका जुन्या मालाच्या दुकानातून आलं. कोरं, सैन्याने कधी न वापरलेलं. ते बाबा रोज थोडं थोडं तासायचे. लोखंडाला काजळी लावायची, लाकूड दाबून बसवायचं, जिथे काळं उमटेल तिथे पातळ कीस काढायचा, पुन्हा बसवायचं. मग जवसाचं तेल चोळत बसायचे. माझ्या ओटकेकलासुद्धा त्या तेलाचा वास यायला लागला. खिट्टी दारावरून सुटून दस्त्यावर परत गेली आणि कोठाराचं दार आम्ही सुतळीने बांधलं.

राहिली दुर्बीण. ती एफीने स्वयंपाकघराच्या खिडकीत पेचांनी पक्की बसवली होती. धक्क्यावर कोण झिंगून आलं, कुणाची गाडी कुणाच्या दारात थांबली, सगळ्या गावाची खबर ती तिथूनच काढायची. मी मागायला गेले.

"का गं पोरी, तुझ्या बापाला तोंड नाही?" तिने मला वाटेला लावलं.

बाबा आठवडाभर धुसफुसले. मग एका सकाळी दाढी केली, मयताला जायचा कोट चढवला आणि म्हणाले, "गाडी काढ."

"ये, हेक्टर करवत," एफी खुर्चीतूनच म्हणाली.

"दुर्बीण हवीय, एफी."

"आणि मी काय भिंतीकडे बघत बसू?"

"बाहेर पड की जरा. लोक जवळूनही दिसतात."

"माझा मेंढा परत देतोस?"

"तो केव्हाच खाल्ला आम्ही. चिवट होता."

"माहितीय. म्हणून तर तुला दिला." तिने ड्रॉवरमधून पेचकस काढून टेबलावर ठेवला. "ने. पण नेम चुकलास तर तुझ्या नातवालाही करवतच म्हणेन. आणि मी काही तुझ्याआधी मरत नाही."

स्पर्धेच्या दिवशी परीक्षकाने बंदूक उलटीपालटी केली. लाकडावरून बोट फिरवून मान डोलावली. दुर्बिणीचा आकडा दस्त्याच्या बारीक भागावर ठोकलेला असतो. तो तिथे आणि दुर्बिणीवर एकच लागतो. पण बाबांनी तरुणपणी दस्ता घासून वर चकचकीत वॉर्निश फासलं होतं.

"काका, इथे काहीच दिसत नाही," परीक्षक म्हणाला.

बाबांनी माझा दंड घट्ट धरला. त्यांचा चेहरा बघवेना. घासणारे तेच, कापणारे तेच, आता बोल कुणाला लावणार? परीक्षकाने दस्ता समुद्राकडे वळवला. तिरप्या उन्हात आकड्यांच्या पुसट कडा दिसू लागल्या. तो एकेक आकडा मोठ्याने वाचत गेला आणि मी दुर्बिणीवर बघत गेले. शेवटचाही जुळला.

"हिचीच आहे," तो म्हणाला.

दोघांनी धरून बाबांना चटईवर पालथं झोपवलं. मी शेजारी वारा सांगायला. पहिली गोळी डावीकडे मातीत गेली.

"करवत!" मागून एफीचा आवाज आला. ती जन्मात पहिल्यांदाच मैदानावर आली होती. लोक हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण बाबा शांत होते.

"दुर्बिणीला एफीच्या खिडकीची सवय आहे," ते पुटपुटले. "दुसऱ्यांच्या दारात बघते." त्यांनी दुर्बिणीच्या बाजूची चकती दोन खटके फिरवली.

त्यानंतरची एकही गोळी काळ्या वर्तुळाबाहेर गेली नाही. आमच्याच बेटावरच्या सिडनी शहराचा दरवर्षीचा विजेता शेवटच्या दोन गोळ्यांना गडबडला. बाबा नाही गडबडले. निकाल सांगितला तेव्हा ते अजून चटईवरच होते, कारण त्यांना उठवायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. मी तिथेच बसून रडले आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

संध्याकाळी क्लबात जेवण होतं. चारही हेक्टर हजर होते. वाढणारी मुलगी घेवड्याचं भांडं घेऊन आली.

"आधी हेक्टरला वाढ," एफी म्हणाली.

"कुठल्या हेक्टरला?"

"हेक्टरला, म्हटलं ना."

लंगडा हेक्टर हलला नाही. टपाल आणि लांबनाक्या आपापल्या ताटात बघत राहिले. मुलीने एकदा सगळीकडे पाहिलं, मग सरळ आमच्या टेबलाशी आली, आणि बाबांनी ताट पुढे केलं.