राखाडी शॉडी

आजीनं बादलीत हात बुडवून झटकला आणि मालाच्या गाठीतून ओढून काढलेल्या ब्लँकेटच्या कोपऱ्यावर ती ओला तळवा घासायला लागली. एकाच जागी, पन्नास वेळा. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक खेपेची परीक्षा ती अशीच घ्यायची. तळवा स्वच्छ निघाला तर माल पास, नाहीतर ज्यानं केला त्याची खैर नाही. आज तिसाव्या घासणीलाच तिचा हात थांबला. तळव्याला राखाडी लव चिकटून तिचा ओला गोळा झाला होता. तिनं तो पाहिला, चिमटीत धरला आणि गुपचूप एप्रनच्या खिशात टाकला.

“काय म्हणतंय, आजी?” नातवानं पलीकडून विचारलं.

“ब्लँकेट काय म्हणणार? शिवून टाक गाठ.”

बटणं कापणाऱ्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एवढ्या थोडक्यात सुटलेला माल त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

कारखाना जुन्या लोकरीचा. लोकांनी टाकून दिलेले स्वेटर, कोट, मफलर इथं यायचे. बायका त्यांची बटणं, चेनी, लेबलं कापायच्या आणि रंगवार ढीग लावायच्या. मग दातेरी यंत्र ते कपडे फाडून त्यांची परत लोकर करायचं, लोकरीचा धागा व्हायचा, धाग्याचं ब्लँकेट. या दुसऱ्या जन्माच्या लोकरीला धंद्यात शॉडी म्हणतात. दारावर ‘शॉडी वर्क्स’ अशी इंग्रजी पाटी होती. आजीच्या नवऱ्यानं ती स्वतः रंगवली होती, आणि तो गेल्याला अकरा वर्षं झाली तरी आजी दर आठवड्याला शिडी लावून ती पुसायची. तिला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण बाजारात कुणी ‘शॉडीवाली आली’ म्हटलं की तिची मान आणखी दोन बोटं वर जायची.

या कारखान्यात रंगाचा डबा कधी आला नाही. निळ्या स्वेटरांचं निळं ब्लँकेट, तपकिरीचं तपकिरी, असा रिवाज. आणि इस्पितळाला हवी होती तीनशे राखाडी. नातवानं स्वतः मिळवलेली ही पहिली ऑर्डर. राखाडी स्वेटर काही पुरले नाहीत. आता यंत्राखाली जी झाडलोट साचते, ती सगळ्या रंगांची आखूड लव असते, आणि सगळे रंग एकत्र झाले की ती राखाडीच दिसते. पोरानं तीच मिसळली होती. रंग जमला, वजन भरलं, दिसायलाही मऊसूत. फक्त आखूड लव एकमेकींना धरत नाही. दोन धुण्यांत अशा ब्लँकेटची जाळी होते.

हे सगळं आजीला तळव्यानं सांगितलं होतं. एरवी तिनं पोराला उभा सोलला असता. पण तीन महिन्यांपूर्वी तिनंच कारखान्याच्या चाव्या त्याच्या हातात दिल्या होत्या, दोन महिन्यांपूर्वी त्याचं लग्न झालं होतं, आणि ती नवी नवरी, कॉलेजात इंग्रजी शिकवणारी, सुट्टी म्हणून समोरच बसून बटणं कापत होती. तिच्यादेखत त्याची लाज काढायची? आजीची जीभ जन्मात पहिल्यांदा दातांमागे राहिली.

चहा आला तसा नातू उगाच खाकरला. उद्या इस्पितळाचे मोठे डॉक्टर स्वतः माल न्यायला येणार होते, तेव्हा त्याआधी पाटी बदलून घ्यावी, असं त्याचं म्हणणं होतं. का बदलायची, ते मात्र न सांगता तो बायकोकडे बघत बसला.

“तिच्या तोंडाकडे काय बघतोस? तिथं लिहिलंय का?” आजी म्हणाली. “तू सांग गं.”

नातसुनेनं कात्री मिटली.

“राग मानू नका, आजी. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ चांगला नाही. निकृष्ट, वरवर केलेलं, फसवं काम. मुलांनी निबंध कसाही उरकला की मी वहीवर तोच शब्द लिहिते.”

आजीनं बशी खाली ठेवली.

“जन्मापासून वाईट होता, की कुणी वाईट संगतीला लावला?”

नातसुनेला हसू आलं, कारण नेमकं हेच तिनं कॉलेजातल्या जाडजूड शब्दकोशात शोधलं होतं. तिनं सांगितलं, की सुरुवातीला ही गिरणीत लोकर पिंजताना गळून पडणारी लव होती. त्या गळण्यावरूनच शब्द आला असावा, खात्रीनं कुणी सांगत नाही. मग चिंध्यांची लोकर करायची युक्ती कुणाला तरी सुचली आणि कापडालाही तेच नाव पडलं. गरिबांच्या अंगावर उबदार कोट आले. मग दूर कुठंतरी मोठी लढाई जुंपली. हजारो शिपायांना तातडीनं गणवेश हवे होते. ठेकेदारांनी झाडलोट गोळा केली, दाबून, चिकटवून तिचं कापड केलं आणि कोट शिवले. तपासणीत झकास दिसले. पहिल्याच पावसात ते शिपायांच्या अंगावरच सुटले.

“मग पेपरवाल्यांनी तो शब्द धरला. त्या पैशांवर बंगले बांधणाऱ्या ठेकेदारांनासुद्धा लोक शॉडी म्हणायला लागले.”

“बरं झालं,” आजी म्हणाली.

“पण नंतर लोक लोकर विसरले, ठेकेदारही विसरले. शिवी तेवढी राहिली.”

आजीचा हात एप्रनच्या खिशावर गेला.

“ते शिपाई. पोरंच असतील?”

“माझ्या वर्गातल्या मुलांएवढी असतील.”

“आणि ठेकेदाराच्या घरात कुणालाच कळलं नसेल? एखादी म्हातारी असेलच की घरात.”

“शब्दकोशात म्हातारीचं काही नाही, आजी.”

“नसणारच. गप्प बसली असेल.”

ती गुडघ्यावर हात टेकून उठली, नातसुनेची कात्री घेऊन शिवलेल्या गाठींपाशी गेली आणि तिनं पहिल्या गाठीचा टाका तोडला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिनं फर्मावलं, की सगळ्या गाठी उसवा, तीनशेच्या तीनशे ब्लँकेटं परत यंत्रात जातील, नवी राखाडी उद्यापासून आपण बसून निवडू.

“राखाडीचा ढीग माझ्या नजरेखालून गेला होता,” ती म्हणाली. “नजर गेली माझी. चूक माझी आहे.”

बायकांच्या हातातले पेले होते तिथंच राहिले. एकदा आजी चुकीच्या लग्नघरी जाऊन पोटभर जेवून आली होती, तेव्हाही तिनं दोष लग्नवाल्यांना दिला होता.

नातवाचे कान लाल झाले.

“आजी, ऐक ना…”

“तू मध्ये बोलू नकोस. इस्पितळात फोन लाव. म्हणावं, म्हातारीनं घोळ घातलाय, पंधरा दिवस द्या. थांबायचं नसेल तर दुसरीकडून घ्या. ऑर्डर गेली तर गेली.”

“आणि पाटी?” त्यानं अगदी हळू विचारलं.

“पाटी पळून जात नाही. फोन लाव.”

तो कोपऱ्यातल्या टेबलाशी गेला. नातसून त्याच्या पाठीकडे बघत होती, मग आजीच्या एप्रनच्या ओल्या खिशाकडे. फोन लागला. आधी त्यानं माल उशिरा होईल एवढंच सांगितलं. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण तो थांबला आणि सरळ उभा राहिला.

“नाही डॉक्टर, आजीची चूक नाही. माझीच. ती झाडलोट मी…”

त्याच क्षणी आजी शेजारच्या बाईवर कडाडली. डोळे आहेत की बटणं, स्वेटरला चेन तशीच ठेवलीस, यंत्राचे दात मोडले तर तुझे लावू का, आणि असंच कितीतरी. आवाज तिनं असा चढवला, की कोपऱ्यातलं पुढचं एक वाक्य कुणाच्या कानावर पडेना. ती बाई वीस वर्षं इथं होती. तिनं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

नातसुनेनं तो स्वेटर उचलला, उलटसुलट करून पाहिला. त्याला चेन नव्हतीच. तिनं तो निमूटपणे राखाडीच्या ढिगावर ठेवला आणि आजीशेजारी येऊन बसली.