मिंडाच्या जागी

"तुझ्या मुलीचा मेसेज आलाय," मॅम ऑर्ला स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या. "सरळ मलाच."

मिंडा रोरीच्या डब्यासाठी सफरचंद चिरत होती. सुरी थांबली नाही.

"काय म्हणते, मॅम?"

"नोकरी मागते. तुझ्या जागी. आपण इतके दिवस बायका शोधतोय आणि तुझी स्वतःची मुलगी यायला तयार आहे. तू बोलली का नाहीस?"

"तिला घरकाम येत नाही, मॅम."

"तुला तरी कुठे येत होतं? पहिल्या घरी इस्त्रीनं पडदा जाळला होतास ना? तूच सांगितलंस."

मॅम हसल्या. मिंडाही हसली आणि फोडींना लिंबू लावू लागली.

एर्मिंडा आग्बायानी हाँगकाँगला आली तेव्हा तिची मुलगी लिन चार वर्षांची होती. आता लिनचीच मुलगी याना चारची होत आली होती. मधल्या काळात मिंडाची पाच घरं झाली. डेव्हनींचं हे शेवटचं. हे आयर्लंडचं जोडपं लहानग्या रोरीला घेऊन नवऱ्याच्या विमा कंपनीच्या कामासाठी इथे आलं होतं आणि घर चांगलं होतं. पण मिंडाचे गुडघे आता जिना चढू देत नव्हते. नोव्हेंबरात कॉन्ट्रॅक्ट संपलं की ती नवं करणार नव्हती, आपल्या गावी, बाकाराला, परत जाणार होती. जाणारीनं आपल्या जागी दुसरी आणून द्यायची, ही इथली रीत. एजन्सीच्या माणसापेक्षा मॅमलोकांचा आपल्या बाईच्या शब्दावर जास्त विश्वास असतो. मिंडानं दोघींना आणलंही होतं. एक बोलताना सारखी फोनकडे बघत होती. दुसरी मॅमना फार गंभीर वाटली.

मुलीचं नाव तिनं काढलं नव्हतं, कारण मुलगी बाकाराला असायला हवी होती. मिंडानं तिथे घर बांधलं होतं. रस्त्याकडच्या दोन खोल्या, एक तिची आणि एक लिनची. आजवर तिनं लिनसोबत काढले ते दर दोन वर्षांनी सुट्टीचे पंधरा दिवस, आणि त्यातले निम्मे पाहुण्यांत जात. तिला एवढंच हवं होतं, की आपण दुपारी भाजी निवडत बसावं आणि लिननं शाळेतून येऊन पिशवी खुर्चीवर टाकून हेडबाईंना नावं ठेवावीत. रोज.

रविवारी सुट्टीच्या दिवशी ती आणि कोनचिंग नेहमीच्या ठिकाणी, बंद बँकेच्या पायऱ्यांशी पुठ्ठे पसरून बसल्या. कोनचिंग तिच्याच प्रांतातली. तिनं कारल्या-वांग्याची भाजी आणली होती.

"वाईट काय त्यात?" सगळं ऐकून कोनचिंग म्हणाली. "ओळखीचं घर. बाई बरी, साहेब वाकडं बघत नाही, कुत्रा नाही. अशा घरासाठी पोरी नऊ-नऊ दिवस प्रार्थना करतात. आणि तुझ्या घरात तर गादी वारसाहक्कानं चाललीय. राणी उतरली, राजकन्या बसली."

"ती मास्तरीण आहे, कोनचिंग."

"हळू बोल, बाई. त्या मॅमनं ऐकलं तर राजकन्या दारातूनच परत."

 नव्या पोरींना हे मिंडानंच शिकवलं होतं. याच पुठ्ठ्यांवर बसून ती सांगायची, कॉलेज झालंय म्हणू नका, शाळेत शिकवत होते असं तर मुळीच नको. मॅमना शिकलेली बाई नको असते. ती उलट बोलते, खाली बसून फरशी घासायला लाजते आणि वर्ष भरायच्या आत कॅनडाचा अर्ज भरते. दुकानात होते म्हणून सांगा.

दुपारी तिनं लिनला फोन लावला.

"मॅमना का लिहिलंस?"

"तुम्ही लिहिणार नव्हता म्हणून."

"आणि शाळा?"

"नानांग," लिन आईला म्हणाली, "शाळा कुठे राहिलीय? जूनमध्ये खालचे वर्ग बंद केले. सरकारी शाळेच्या यादीत माझं नाव आहे, यादी हलत नाही. यानाचा बाप सौदीला गेला तो गेलाच. आता फोनसुद्धा उचलत नाही. मी मामाच्या दुकानात तांदूळ मोजतेय. मला तांदूळच मोजायचे असते तर तुम्ही मला शिकवलं कशाला?"

"तिथे राहा. मी येतेय ना. मिळून बघू काहीतरी."

"तुम्ही याल म्हणजे येणारे पैसेही थांबतील. मग काय बघायचं मिळून?"

मिंडानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "यानाला कोण सांभाळणार?"

"तुम्ही येताय ना," लिन म्हणाली.

कोनचिंगनं भाजीचा डबा पुढे सरकवला. मिंडानं मानेनंच नको म्हटलं.

मुलाखत गुरुवारी दुपारी झाली. रोरी पोहायला गेला होता. मॅमनी टॅबलेट चहाच्या टेबलावर उभा केला आणि सोफ्यावर आपल्या शेजारची जागा थोपटली. "इथे बस, मिंडा. तू माझी सल्लागार." ह्या सोफ्याचे अभ्रे मिंडा दर पंधरवड्याला धुवायची. बसली मात्र ती आज पहिल्यांदा, काठावर.

पडद्यावर लिन आली. पांढरा ब्लाउज, केस घट्ट बांधलेले. मागे हिरवट रंगाची भिंत होती. तो रंग मिंडानं दोन वर्षांपूर्वी इथून फोनवर निवडला होता.

"लिन, तू आईसारखीच दिसतेस," मॅम म्हणाल्या. "कुत्र्यांची भीती वाटते?"

"नाही मॅम."

"आमच्याकडे नाही, पण कधी आणलाच तर. स्वयंपाक?"

"येतो मॅम. तुमचा शिकून घेईन."

"तिचा भातसुद्धा लागतो, मॅम," मिंडा म्हणाली. "आणि इस्त्रीला एक शर्ट घेतला की अर्धा तास."

"मिंडा, तुझ्याइतकं कडक माझी सासूसुद्धा बोलत नाही."

लिन हसली नाही. आपल्या भाषेत हळूच म्हणाली, "नानांग, गप्प बसा ना."

"काय म्हणते?" मॅमनी विचारलं.

"आवाज नीट येतोय का विचारते, मॅम."

मॅमनी पाय वर घेतले. त्यांचा आवाज मऊ झाला. "तुला लहान मुलगी आहे ना? मला हे विचारायला बरं वाटत नाही, पण विचारायला हवं. माझ्या मैत्रिणीची बाई तिसऱ्या महिन्यातच रडत परत गेली. तुला जमेल ना, मुलीला सोडून?"

"जमेल मॅम. मी एवढीच होते तेव्हा माझी आई तिकडे आली. मी वाढलेच की नीट."

मॅमनी मिंडाच्या हातावर हात ठेवला. मिंडा पडद्यावरच्या भिंतीकडे बघत राहिली. कोपऱ्यात ओल आली होती. तिला ते कुणी कळवलं नव्हतं.

"छान," मॅम म्हणाल्या. "मला तर पसंत आहे. शेवटचा प्रश्न. आत्ता तू काय करतेस?"

"दुकानात असते मॅम. मामाच्या."

"आधी?"

"आधीही तिथेच, मॅम."

पुढचा प्रश्न उरला नव्हता. मॅम टॅबलेटकडे हात नेत होत्या.

"मॅम, ती खरं सांगत नाही," मिंडा म्हणाली. "ती शिक्षिका आहे. सात वर्षं शाळेत होती. कॉलेज झालंय तिचं."

 लिनचा चेहरा पडद्यावर अडकल्यासारखा दिसत होता, पण नेट चालू होतं. तिनं एकदा डोळे मिटून उघडले.

"लिन?" मॅमनी विचारलं. "खरं आहे हे?"

"हो मॅम. सॉरी मॅम. एजन्सीवाले म्हणतात सांगू नका."

"कुठली इयत्ता?"

"पहिली, मॅम."

"वाचायला शिकवायचीस? इंग्रजी?"

"हो मॅम. अक्षरांपासून."

"आणि वाचायला बसतच नाहीत, ती मुलं?"

"तीच माझ्याकडे द्यायचे, मॅम."

मॅम उठल्या आणि आतल्या दाराकडे वळल्या. "डेक्लन! कॉल ठेव तो. ठेव म्हणते. बाहेर ये."

तेव्हा कुठे मिंडाच्या लक्षात आलं. शाळांच्या मुलाखतीत रोरी दोनदा नापास झाला होता. एका शाळेत तो टेबलाखाली जाऊन बसला. दुसरीत त्याला अक्षराचं कार्ड दाखवलं तर म्हणाला, मी इथे काम करत नाही. महिनाभर ह्या घरात जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता आणि वाढायला मिंडाच उभी असायची. तिनं सगळं ऐकलं होतं. पण मॅमलोकांना शिकलेली बाई नको, हे तिच्या अंगात इतकं मुरलेलं, की ह्या घराचा वेगळा विचार तिनं केलाच नाही.

डेक्लनसाहेब कानातले इअरफोन काढत आले. मॅम त्यांना सांगत होत्या, शिक्षिका, खरीखुरी, सात वर्षं, आणि मिंडाची मुलगी. साहेबांनी पडद्याकडे बघून हात हलवला. "मग अडलंय कुठे?" ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी, भांडी घासायच्या आधी, लिनचा फोन आला. ती रडून थांबलेली होती.

"नानांग, मी आधी घाबरले. वाटलं, तुम्ही माझं वाटोळं करताय. मग कळलं. तुम्हाला त्या पोराच्या शाळेचं ठाऊक होतं ना? बरोबर वेळेला बोललात. कोनचिंगमावशी म्हणाली, तुझ्या आईसारखी हुशार बाई अख्ख्या हाँगकाँगात नाही."

मिंडा नळाखाली हात धरून उभी होती. पाणी गरम व्हायला ह्या घरात थोडा वेळ लागे.

"नानांग? ऐकताय ना?"

"ऐकतेय," मिंडा म्हणाली. "सोबत स्वेटर घे. इथे जानेवारीत गारठा असतो."

कागदपत्रं वेळेत झाली. लिन ज्या दिवशी सकाळी उतरली त्याच संध्याकाळी मिंडाचं विमान होतं. त्यामुळे दोघींना त्या घरात एक दुपार मिळाली. मॅम मुद्दाम रोरीला घेऊन बाहेर गेल्या. "तुम्हा दोघींना बोलायला वेळ मिळेल," असं म्हणाल्या.

मिंडानं आधी वॉशिंग मशीन दाखवलं. मग कपाटं, मग धुण्याच्या जागेमागची आपली झोपायची खोली. दोघी एकदम आत मावत नव्हत्या, म्हणून लिन आत गेली आणि मिंडा बाहेरून सांगत राहिली.

"रोरी मोजा उलटा घालतो. शिवण टोचते म्हणतो. तू सरळ करायला जाऊ नकोस. पावाच्या कडा कापायच्या, पण फेकायच्या नाहीत, बशीत वेगळ्या ठेवायच्या. मग त्या खातो."

"कडा वेगळ्या," लिन म्हणाली. "यानाच्या डोक्यावर पाणी ओतायचं नाही. तिला स्वतःला तांब्या द्यायचा. माशाचे काटे तिच्यासमोर काढायचे, नाहीतर ती तोंडच उघडत नाही."

"तिच्यासमोर," मिंडा म्हणाली. "झोपताना पाठ खाजवून लागते ह्याला. गोल नाही, वरून खाली."

"तिला कान धरायला लागतो. माझा धरते. तुमचा धरते का बघा."

"आजारी पडला की बोलत नाही. गप्प झाला की कपाळाला हात लावायचा."

"तीही तशीच. पण ती चिडते."

असं ते बराच वेळ चाललं. एक सांगे, दुसरी शेवटचे शब्द पुन्हा म्हणे. मधे चहा करून दोघींनी ओट्याशी उभ्यानंच प्यायला. लिन साखर घेत नव्हती. मिंडानं दोन चमचे घालून ठेवली होती. लिननं कपात बघितलं आणि तो चहा संपवला.

"तुझ्या खोलीला पडदे लावलेले नाहीत," मिंडा म्हणाली. "रंग तू सांगणार होतीस."

"कुठलाही लावा, नानांग."

मॅम आणि रोरी परत आले. रोरी लिनकडे बघून मिंडाच्या मागे लपला. मग त्यानं विचारलं, "हिला माझं नाव माहीत आहे का?"

"आहे," लिन खाली बसत म्हणाली. "पण लिहिता येत नाही मला. तू दाखव."

तो तिच्याकडे गेला. मॅमनी मिंडाकडे बघून डोळे मोठे केले, बघितलंस ना, अशा अर्थानं. मग दोघींना भिंतीशी उभं करून फोटो काढला. "जवळ या ना," मॅम म्हणाल्या. "आई-मुलगी आहात तुम्ही."

बाकाराला पाऊस थांबून ऊन पडलं होतं. लिन निघाल्यापासून यानाला सांभाळणारी शेजारीण तिचे कपडे आणि उशी देऊन गेली. याना मिंडाशी एक शब्द बोलली नाही. आईच्या खोलीत जाऊन तिनं दार लोटून घेतलं.

पहिल्या दिवशी ती भुकेनं आपणच बाहेर आली. दुसऱ्या दिवशी मिंडानं मासा तळला. यानाच्या समोर काटे काढायचे म्हणून तो अख्खाच ताटात घेतला, बाजूला भात घातला आणि ती खोलीपाशी आली. घर तिचं होतं. दाराला आतून कडीही बसवलेली नव्हती, बोटानं ढकललं असतं तरी उघडलं असतं.

मिंडानं ताट डाव्या हातावर घेतलं आणि उजव्या हातानं दारावर दोनदा हळूच टकटक केलं.

"कोण?" आतून यानानं विचारलं.

"मी."

"नको."

"बरं," मिंडा म्हणाली, आणि ताट धरून तिथेच उभी राहिली.