भिंतीला दोनदा चुना

आकडा पहिल्याच फेकीत ट्रॉलरच्या कठड्याला अडकला आणि तांडेलाचा मेहुणा दोर धरून वर चढला. त्याच्यामागे होडीचा म्होरक्या तांडेल स्वतः, त्याच्यामागे त्याचा चुलता, आणि मग बाकीच्या दोन होड्यांतली माणसं. वरच्यांपैकी एकाने दोर कापायला सुरी काढली होती. मेहुण्याने वल्ह्याचा तुकडा त्याच्या मनगटावर असा हाणला की सुरी एकीकडे आणि तो दुसरीकडे. "आई गं," एवढंच तो म्हणाला. मग खाली बसून तो आपल्या लोंबणाऱ्या हाताकडे बघत राहिला.

हाणामारी फार वेळ चालली नाही. ट्रॉलरवरची माणसं पगारी. मालकाच्या जाळ्यापायी डोकं फोडून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. दोघे माशांच्या ढिगावर घसरून पडले, त्यांना तिथेच लाथांनी तुडवलं. एकजण इंजिनामागे दडला होता, त्याला केसांना धरून बाहेर ओढलं. चुलता एरवी मुंगीलाही वाट देणारा माणूस. पण त्यानेही एकाच्या बरगडीत अशी लाथ घातली की बरगडी वाजल्यावर तो स्वतःच दचकला. सगळ्यांत शेवटी राहिला सुकाणूवाला. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा. तो केबिनच्या दारात तसाच उभा होता. तांडेलाने त्याला कॉलरला धरून बाहेर काढलं आणि आधी नाकावर ठोसा दिला, मग प्रश्न विचारला.

"कुणी सांगितलं?"

सुकाणूवाल्याने नाकातून आलेलं रक्त बाहीला पुसलं. "काय सांगितलं?"

दुसरा ठोसा पोटात बसला.

या प्रश्नाने महिनाभर तांडेलाची झोप उडवली होती.

नकाशात बघाल तर हे राज्य केवढं तरी मोठं. किनारा, मग डोंगर, डोंगरापलीकडे काळी जमीन, कारखाने, आणि पार लांब राजधानी. तिथे मासेमारी खात्याचे जे मोठे साहेब बसतात त्यांना होडीत पाय ठेवला की ओकारी होते म्हणतात. छोट्या होड्यांच्या हद्दीत ट्रॉलरने यायचं नाही असा कायदा त्याच साहेबांनी केलेला, आणि तो राखायला एक गस्तीची बोटही दिलेली. तिचं डिझेल कायम संपलेलं असतं. राजधानीच्या लेखी किनारा म्हणजे नकाशाची नुसती कड. पण समुद्रातून बघणाऱ्याला उलटं दिसतं. त्याच्या लेखी सगळं राज्य म्हणजे खुणांची एक रांग. तांडेलाच्या पणजोबाची खूण एक वाकडं झाड होती. परक्या राजवटीने ते तोडून तिथे दीपगृह बांधलं, तेव्हा आजोबाने दीपगृह धरलं. बापाच्या काळात कापडगिरणी आली, आणि तिच्या धुराड्यावर बापाने संसार केला. पुढे गिरणी बंद पडली, माणसं पोटासाठी डोंगरापलीकडे गेली, धुराडं तेवढं उभं राहिलं. बंदर वाढवायचं निघालं तेव्हा सुरुंग लावून तेही पाडलं. राज्यात काय काय होऊन गेलं हे इथल्या माणसाला पुस्तकात वाचावं लागत नाही. त्याची खूण हरवते, तेव्हा त्याला कळतं.

या खुणांवर सापडायची ती कोठी. पाण्याखाली खडकांच्या दोन रांगा आणि त्यांच्यामधे वाळूची एक अरुंद पट्टी. बाकी समुद्र रिकामा असला तरी तिथे मासा असायचाच, म्हणून घरात तिचं नाव कोठी. दीपगृह काळ्या खडकाआड गेलं आणि डोंगराची खाच धुराड्याच्या बरोबर डोक्यावर आली, की तिथेच जाळं सोडायचं. जरा इकडेतिकडे झालं की जाळ्याच्या चिंध्या. आकाशातून ठिकाण दाखवणारी यंत्रं तेव्हा आली नव्हती. जे होतं ते डोळ्यांत होतं आणि बापाकडून मुलाकडे येत होतं. धुराडं पडल्यावर तांडेलाने स्वतःच्या घराची समुद्राकडची भिंत खूण म्हणून धरली. आईला त्याने एवढंच सांगितलं होतं, "ही भिंत पांढरी ठेव, मला लांबून दिसली पाहिजे."

आईला जास्त सांगावं लागत नसे. तिचा नवरा कोठीवरच गेला होता. वारा फिरला आणि होडी खडकावर आपटली. काही वर्षांनी थोरला मुलगाही तिथेच गेला. तो किनाऱ्याला लागला तेव्हा माशांनी त्याचा चेहरा ठेवला नव्हता. आईने त्याला हातावरून ओळखलं. त्यानंतर तिने कोठीचं नाव टाकलं आणि धाकट्यालाही तिकडे जाऊ नको म्हणून पुष्कळ विनवलं. "मग पोट कोण भरणार?" असं विचारून धाकटा जातच राहिला. यंदा मात्र तिने न सांगता भिंतीला दोनदा चुना दिला. आईचा राग एकदाचा निवला, असं वाटून तांडेलाला बरं वाटलं होतं.

आणि याच वर्षी हा ट्रॉलर आला. लांबच्या बंदरातला, मालक राजधानीत. आला तो थेट कोठीवर, आणि पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाळं ओढत राहिला. रोज. त्याचं जाळं एकदाही फाटलं नाही. म्हणजे कुणीतरी सांगितलं होतं. तांडेलाचा संशय आपल्याच होडीवर होता. सुकाणू तो कुणाच्या हातात देत नसे, पण चुलत्याने किंवा मेहुण्याने त्याची नजर कुठे लागते ते पाहून ठेवलं असेल तर? म्हणून तर त्याने दोघांना आज मुद्दाम पुढे घेतलं होतं. काल धक्क्यावर सगळ्यांसमोर तो बोलूनही गेला होता, "ज्याने कोठी दाखवली त्याच्या घराला मी माझ्या हाताने काडी लावीन." मेहुण्याने ते इतकं मनावर घेतलं की आज होडीत रॉकेलचा डबाच आणून ठेवला.

"शेवटचं विचारतो," तांडेल म्हणाला. "कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. नशिबाने सापडली."

"नशीब रोज एकाच जागी जाळं टाकतं होय रे?" मेहुणा म्हणाला. त्याने सुकाणूवाल्याचा डावा हात पिरगाळून जाळं ओढायच्या विंचच्या लोखंडावर दाबून धरला. तांडेलाने विंचचा दांडा उचलला आणि त्याच्या बोटांवर घातला. सुकाणूवाला ओरडला. किनाऱ्यावर ऐकू गेलं असतं एवढ्या मोठ्याने ओरडला, पण नाव त्याने घेतलं नाही. तांडेलाने पुन्हा घातला. चुलत्याने तोंड फिरवलं.

"मरेल रे तो," चुलता म्हणाला.

"मरू दे."

सुकाणूवाल्याने गुडघे टेकले होते, तरी दात घट्ट मिटलेले होते. हा कसला माणूस, असं तांडेलाला वाटून गेलं. पगारासाठी कुणी एवढं सोसत नाही. त्याने त्याला मानेला धरून फरफटत कठड्यापाशी नेलं आणि त्याचं डोकं किनाऱ्याकडे वळवलं.

"ती पांढरी भिंत दिसते? ती बघूनच जाळं टाकतोस ना? ते माझं घर आहे. माझ्याच घराकडे बघून माझ्याच पोटावर पाय देतोस?"

सुकाणूवाला भिंतीकडे बघत राहिला. मग त्याने मान वळवून तांडेलाचा चेहरा निरखला, कपाळापासून हनुवटीपर्यंत. इतका वेळ मार खाताना जी भीती दिसली नव्हती ती आता त्याच्या डोळ्यांत आली.

"तुझं घर?"

"माझं."

"ह्यांना लांब पाठव," तो हळूच म्हणाला. "तुझ्यासाठीच सांगतोय."

तांडेलाने माणसांना जाळं कापायला पिटाळलं. त्यांना तेच हवं होतं. सुऱ्या घेऊन सगळे मागच्या बाजूला गेले, आणि थोड्याच वेळात ताणलेले दोर तुटल्याचे आवाज येऊ लागले. मेहुणा प्रत्येक दोराला एक शिवी देत होता.

"बर्फाच्या कारखान्यापाशी एक म्हातारी सुकी मासळी विकायला येते," सुकाणूवाला म्हणाला. "डाव्या पायाने लंगडते. आपण होऊन माझ्याकडे आली. जागा दाखवते म्हणाली. खूण म्हणून आपल्याच घराची पांढरी भिंत सांगितली."

तांडेलाच्या हातातला दांडा खाली आला.

"किती घेतले तिने?"

"छदामसुद्धा नाही. मी विचारलं तर हसली. म्हणाली, एकच कर, ती जागा झाडून ने. बी म्हणून ठेवू नकोस. परत कुणाला तिकडे जावंसं वाटता कामा नये." त्याने रक्त थुंकलं. "मी म्हटलं, बाई, एवढा राग कुणावर? तर म्हणाली, माझी दोन माणसं तिथे गेली, तिसरं जायला बघतंय. कुणाला सांगणार नाही असं वचन घेतलं माझ्याकडून. ते तिसरं माणूस तू, हे मला आत्ता कळलं."

तांडेलाला एकदम आठवलं, आई चुना कालवत होती तेव्हा तो तिला चेष्टेने म्हणाला होता, "काय गं, घरात लग्नकार्य काढलंयस की काय?" तिने मान वर न करता उत्तर दिलं होतं, "लांबून दिसली पाहिजे ना?"

"भावोजी!" मेहुणा माशांच्या ढिगावरून घसरत पुढे आला. जाळ्याचं काम झालं होतं आणि त्याच्या हातात रॉकेलचा डबा होता. "बोलला का? कुणाचं घर?"

सुकाणूवाल्याने मेहुण्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, मग तांडेलाकडे. त्याचे ओठ हलल्यासारखे झाले. काय म्हणणार होता कोण जाणे. कदाचित काहीच नाही. तांडेलाने दांडा दोन्ही हातांनी धरून त्याच्या जबड्यावर मारला. तो आडवा झाला. तांडेलाने वाकून, नेम धरून, तिथेच पुन्हा मारला. दोन दात डेकवरून घरंगळत माशांत गेले. गंमत म्हणा की काय म्हणा, दुसऱ्या वेळी त्या माणसाने हात आडवासुद्धा केला नाही.

"नाही बोलला," तांडेल म्हणाला. "आणि आता बोलणारही नाही."

"मग निदान हा ट्रॉलर तरी—"

तांडेलाने त्याच्या हातातून डबा हिसकावला आणि समुद्रात भिरकावला. मेहुणा त्याच्याकडे बघतच राहिला. आपल्या बहिणीच्या नवऱ्याची त्याला पहिल्यांदाच भीती वाटली, आणि तो मुकाट्याने दोरावरून खाली उतरला.

परतीच्या वाटेवर तांडेल सुकाणू धरून उभा होता आणि आईला काय काय म्हणायचं ते तोंडातल्या तोंडात घोळवत होता. घरभेदी. कैदाशीण. पोटच्या पोराच्या ताटात माती कालवलीस. चार पिढ्या ज्या जागेने जगवल्या ती तू परक्याला फुकट दिलीस. शब्द एकापेक्षा एक धारदार सुचत होते आणि प्रत्येक शब्दागणिक त्याचा राग वाढत होता. आज आईवर हात उगारला जाईल, हे त्याला अगदी स्वच्छ दिसत होतं, आणि ते थांबवावं असंही त्याला वाटत नव्हतं.

होडी धक्क्याला लागली. त्याची बायको तिथेच बायकांत थांबून भावाच्या तोंडून पराक्रम ऐकू लागली. तांडेल एकटाच घराकडे निघाला. भिंत उन्हात डोळ्यांवर येत होती. चुना दिल्यापासून एवढ्या जवळून त्याने ती निरखून पाहिलीच नव्हती. वरपर्यंत जाड चुना बसला होता, आणि अगदी वर, छपराखाली, ब्रश पोचला नव्हता तिथे पंज्याने चोपडल्याच्या खुणा होत्या. लंगडत्या पायाने ती पिंपावर चढली असणार.

आई दारातच होती. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. तिने हात पाहिले.

"तुझं रक्त?"

"नाही."

"बोटं हलव बघू."

त्याने हलवली. तिने त्याला मोरीपाशी बसवलं, तांब्याने पाणी घातलं आणि त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन चोळू लागली. नखांत सुकलेलं रक्त लवकर निघत नव्हतं.

"कुणाचं आहे?"

"ट्रॉलरच्या सुकाणूवाल्याचं."

तिचे हात थांबले.

"जिवंत आहे?"

"आहे. जबडा मोडलाय. बरेच दिवस बोलता येणार नाही त्याला."

तिने मान वर केली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. घोळवलेले सगळे शब्द त्याच्या जिभेवर आले होते. बाहेर रस्त्यावरून मेहुणा मोठ्याने बोलत चालला होता, "सोडणार नाही, शोधून काढू, घर पेटवू." आईने ते ऐकलं. पाणी वाहत होतं, आधी लाल, मग गुलाबी.

"त्या बिचाऱ्याचा काय दोष होता?" ती म्हणाली.

"मग कुणाचा होता?"

तिने पुन्हा तांब्या भरला, पुन्हा ओतला. मग हाताकडेच बघत तिने विचारलं,

"जाळं कापलंत?"

"चिंध्या केल्या."

"दुसरं आणतील का रे?"

हा आवाज त्याने एकदा ऐकला होता. बापाची होडी आली नव्हती त्या दिवशी ती धक्क्यावर उभी राहून परतणाऱ्या प्रत्येक होडीला विचारत होती, "आमची मागून येतेय का रे?" आणि होडीतली माणसं तिच्याकडे न बघता सांगत होती, "येतेय, वहिनी, येतेय."

तांडेलाने मोरीतल्या पाण्याकडे पाहिलं.

"आणतील," तो म्हणाला.

त्याचा हात केव्हाच स्वच्छ झाला होता. तिने तो आता सोडला.