वारा शून्य

मी वारा मोजणारा डोळा बोलतोय. जेवणाच्या डब्याएवढा आहे, हातात मावतो, आणि मला खोटं बोलता येत नाही. ठाणे शहरात हे व्यंगच समजा.

पायलने मला दिवा स्टेशनजवळच्या भाड्याच्या खोलीत बनवलं. इंजिनिअरिंग तिने तिसऱ्या वर्षाला सोडलेलं. माझं काम साधं. लांबच्या निशाणावर मी प्रकाश टाकतो. वाटेतली हवा त्याला लुकलुकवते. ती लुकलुक कुठल्या बाजूला, किती वेगाने सरकते त्यावरून मी आडवा वारा सांगतो. हजार मीटरवर नेम धरणाऱ्या खेळाडूला तेवढंच हवं असतं.

पायलला फक्त एक पत्र हवं होतं: नेमबाजीच्या रेंजवर माझी चाचणी घ्यायची परवानगी. ते देणार रेंज चालवणारी ज्येष्ठ नेमबाजांची समिती. अध्यक्ष श्रीपाद सर. त्यांनी शेवटची गोळी कधी झाडली ते त्यांनाही आठवत नाही, शाली मात्र कपाटात मावत नाहीत.

प्रात्यक्षिक ठेवलं सभागृहात. आधी दीपप्रज्वलन. समई विझायला लागली, म्हणून सरांनी पंखे बंद करायला लावले, खिडक्याही लावून घेतल्या. मग घाम पुसत म्हणाले, "हं पोरी, दाखव तुझा वारा."

मी समोरच्या भिंतीवर प्रकाश टाकला. आकडा आला: शून्य.

"बंद पडलं वाटतं!" सर हसले. म्हणून सगळे हसले.

"बंद नाहीये सर. वाराच नाहीये. पंखे तुम्हीच बंद केलेत."

"अगं, आम्ही थुंकी लावून बोट वर करायचो, तरी वारा कळायचा!"

"मग करा ना वर. आत्ता."

सरांनी बोट वर केलं नाही. समितीच्या चिटणीस सगुणाताई पायलच्या कानाशी आल्या. "पाहुणे बसलेत गं. पाच-सहा तरी दाखव. सरांचा मान राहील, तुला पत्र मिळेल."

पडद्यावर हाताने आकडा भरायचं बटण माझ्यावर आहे; तेवढंच दाबायचं होतं. पायलचा अंगठा त्यावरच होता. पत्र टेबलावर टाईप होऊन पडलेलं, फक्त सही बाकी.

"त्या पाचवर भरवसा ठेवून कुणी नेम धरला तर?" तिने अंगठा काढला. "शून्यच आहे ताई."

सही झाली नाही. शेरा तेवढा आला: 'यंत्र वारा दाखवत नाही. अर्जदार उद्धट.'

आता मी पायलच्या खोलीवरच्या गच्चीवर असतो. खाडीकडच्या विजेच्या मनोऱ्यावर प्रकाश टाकतो, पायल आकडे टिपते. दुसऱ्या रेंजला तिने अर्ज केलाय. उत्तर नाही.

तुम्ही अशा एखाद्या समितीवर असालच, तर एक विनंती. मला उघड्या मैदानात उभं करा. आकडा पटला नाही तर आकड्याशी भांडा. मुलीशी नको.