बाबांनी न तपासलेलं विधान

बाबा एकटे राहतात. त्यांनी दादाकडे राहायला जावं म्हणून मी वर्षभर त्यांच्या मागे लागले होते. पण जन्मभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. "विधानं मांड, मग निष्कर्ष काढ," म्हणायचे, की माझी बोलती बंद.

काल मात्र मी मांडलीच. त्यांच्या स्वयंपाकघरात शेगडी मंद आचेवर चालू होती, वर भांडं नाही.

"दुपारी कॉफी तुम्ही केलीत. तुमच्यानंतर स्वयंपाकघरात कुणी गेलं नाही. मग शेगडी चालू कुणी ठेवली?"

बाबांनी मनाशी जुळवून पाहिलं. चष्मा पुसला.

"युक्तिवादात खोट नाही," म्हणाले आणि घराच्या किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या. "तुझ्या दादाला रविवारी गाडी घेऊन यायला सांग."

खोटं कशाला बोलू, जिंकल्याचं बरं वाटलं.

आज त्यांचं सामान आवरताना कंबर पुन्हा धरली. गरम पाण्याची पिशवी शोधली, तर ती सोफ्यावर उशीमागे. काल मीच ठेवलेली. काल मी आले तेव्हा बाबा डुलकी काढत होते. मी फोन कान-खांद्यात धरून बोलता बोलता पाणी तापवलं, पिशवी भरली, पातेलं विसळून पालथं घातलं. शेगडी बंद केल्याचं काही केल्या आठवेना.

समोर बाबा आपला कॉफीचा कप वर्तमानपत्रात गुंडाळत होते. वाटलं, गप्प बसावं. नाहीतरी या वयात एकटं राहणं बरं नाही, निष्कर्ष तर बरोबरच आहे. असला विचार आपल्या मनात येतो, याची लाज वाटली.

"बाबा, काल तुमच्यानंतर मी गेले होते आत. शेगडी माझ्याकडून राहिली."

त्यांचा हात थांबला. "मी बंद केल्याचं मला आठवत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणी गेलं नाही, असं तू म्हणालीस. पोरीचं बोलणं काय तपासायचं?"

मी मान खाली घालून किल्ल्या पुढे केल्या. त्यांनी त्या खिशात टाकल्या, कप सोडवला आणि कॉफी करायला आत गेले. मला जरा हायसं वाटलं.

तेवढ्यात आतून हाक आली.

"जरा ये गं. शेगडी बंद झालीय ना, बघून सांग."