धावबंदी

रचना पंधराशे मीटर धावायची. आंबिवलीत राहणारी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असलेली ही मुलगी जिल्ह्यात दुसरी आलेली. पहिली आलेली मुलगी तिच्यापेक्षा बारीक होती. मैदानाबाहेर पडता पडता रचनाचे कोच सुदेश सर म्हणाले, "थोडं वजन उतरव, राज्यात पदक आहे तुझं." सर बोलले आणि विसरूनही गेले. रचना विसरली नाही.

आधी रात्रीचा भात सुटला, मग सकाळची चपाती. आई डबा भरून द्यायची, तो कॉलेजात मैत्रिणी संपवायच्या. सुरुवातीला ती खरंच वेगात धावली. सर खूश, बाबा त्याहून खूश. मग तेच अंतर अंगावर येऊ लागलं. वजन अजून उतरायला हवं, एवढाच अर्थ तिने काढला.

तिला एका जागी बसवेना. वर्गात बाकाखाली पाय हलत राहायचे. घरी टीव्हीसमोर टेकली की लगेच उठून गॅलरीत फेऱ्या सुरू. झोप तुटक, बोटं गार. उजव्या नडगीत एकाच जागी दुखायला लागलं, तिथे बाम चोळून ती धावत राहिली. एका सकाळी सरावात, वळणावर, तो पाय जमिनीला टेकवेना. सरांनी रिक्षातून घरी आणलं आणि नौपाड्यातल्या डॉ. दामल्यांचं नाव दिलं. त्या खेळाडूंनाच तपासायच्या.

डॉक्टरांनी एमआरआय आणि रक्ताचा रिपोर्ट पाहिला. नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली होती. त्यांनी विचारलं, "पाळी नियमित येते का?"

रचना बुटाची नाडी बांधायला वाकली. शेजारी बसलेली तिची आई मंजुळा हळूच म्हणाली, "पॅडचं पाकीट तसंच पडलंय कपाटात. दिवाळीपासून."

"तुला माहीत होतं?" रचनाने विचारलं.

"मला भलतीच शंका येत होती गं, दिवस गेले की काय अशी. विचारायचं कसं तेच कळेना."

रचनाला आधी राग आला, मग आईकडे बघवेना.

डॉक्टरांनी समजावलं, "तू खातेस त्यातलं बहुतेक सगळं धावण्यात जातं. उरलेल्यात शरीराला भागवावं लागतं. मग ते पाळी थांबवतं, हाडांची डागडुजी टाळतं. रक्तात लोहही कमी आहे. आता धावणं पूर्ण बंद. आणि पोटभर जेवायचं, पुढे सराव सुरू झाल्यावरसुद्धा."

"पण महिन्यावर ट्रायल्स आहेत."

"यंदाच्या सोड."

घरी बाबा, महेंद्र, रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचत बसले. पोरगी खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत लागेल, असं ते चाळीत सगळ्यांना सांगून बसले होते. शेवटी एवढंच म्हणाले, "आधी पाय बरा होऊ दे."

पाय बरा होण्यासाठी स्वस्थ बसायचं होतं आणि तेच तिला जमत नव्हतं. ताटातली भाकरी बघितली की इतर मुली आत्ता धावत असतील, हेच डोक्यात यायचं. खाल्लेला प्रत्येक घास मांड्यांवर चढतोय असं वाटायचं. दुखणं जरा कमी झाल्यावर एका दुपारी आई कामावर गेलेली बघून ती बूट घालून बाहेर पडली. शहाडच्या बाजूला नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर धावायला लागली. थोडं अंतर गेली तेवढ्यात नडगीत कळ आली. लंगडत एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली आणि आईला फोन केला.

आई आली. ओरडली नाही. डॉक्टरांनी धावबंदी वाढवली. ट्रायल्स गेल्याच.

डॉक्टरांकडून परतल्यावर संध्याकाळी आईने सुकटीची चटणी केली, मुगाची उसळ, भाकऱ्या. रचना ताटात नुसतीच बोटं फिरवत होती.

"जेव ना गं."

"तू तरी कुठे जेवतेस?" रचना चिडून म्हणाली. "आम्ही उठलो की उरलेलं खातेस. मला कशाला सांगतेस?"

मंजुळाने तवा उतरवला. मग स्वतःचं ताट घेऊन लेकीसमोर बसली, तिच्याइतकंच वाढून घेतलं आणि जेवायला लागली. रचनानेही भाकरी मोडली. पुढे रोज दोघी एकत्रच बसू लागल्या. काही दिवस दोघींनाही ते अवघड गेलं.

उन्हाळा संपत आला तेव्हा पाळी आली. रचनाने आईला स्वयंपाकघरात येऊन सांगितलं. आईने पाठ फिरवून डोळे पुसले.

डॉक्टरांनी हळूहळू धावायची परवानगी दिली, तशी ती मैदानावर गेली. सरांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "थोडी भरलीस."

"सर, वजनाबद्दल काही बोलू नका मला. प्लीज."

सरांनी स्टॉपवॉच खिशात घातलं. मग म्हणाले, "त्या दिवशी मी सहज बोललेलो गं."

"माहितीये मला."

ती संथ धावली. प्रत्येक पावलाला नडगी आता दुखेल, मग दुखेल, अशी वाट बघत. दुखली नाही. एक फेरी झाली. तेवढीच परवानगी होती. अजून एक घ्यावी असं तिला फार वाटत होतं. रेषेपाशी ती थांबली खरी, पण उभ्या जागी तिच्या टाचा वरखाली होतच राहिल्या.